परसातील झाडे व त्यांची निगा

शहरातील घराचे परस ते केवढे! वीस हात लांब व पंधरा हात रुंद जागा ज्यांस लाभली ते भाग्यवानच म्हणावयाचे. तथापि एवढ्या जागेतही विचारपूर्वक लावलेली चार-पाच झाडे कुटुंबास भाजी, फळे व सावली देतात. उलटपक्षी, अविचाराने लावलेले एकच झाड पुढे भिंतीस तडे पाडते आणि शेजाऱ्यांशी कलह जोडते. शिवाय झाडांच्या संरक्षणार्थ महाराष्ट्रात १९७५ साली झालेल्या कायद्यान्वये शहरातील झाड, ते आपल्याच मालकीचे असले तरी, परवानगीवाचून तोडता येत नाही. म्हणून निवड आधी व लागवड मागून, हा पहिला नियम होय.

ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन ह्यांनी १९७८ साली ‘पर्माकल्चर’ नामक शाश्वत शेतीची पद्धत पुस्तकरूपाने मांडली. रानात उंच वृक्षाखाली झुडूप व झुडुपाखाली वेल नांदते, तशी परसातही रचना करावी, आणि एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न व्हावे, असे तिचे सार आहे. आपल्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ व अळू वाढवीत, ते ह्याच तत्त्वास धरून होते.

वड व पिंपळ ह्यांच्या मुळ्या भिंतीत शिरतात. त्यांस मोकळे मैदानच योग्य. आंबा हवा असेल तर ‘आम्रपाली’चे कलम घ्यावे. दशहरी व नीलम ह्यांच्या संकरापासून झालेली ही जात ठेंगणी असून २.५ मीटर अंतरावरही लावतात. इतर आंब्यांस सामान्यतः १० मीटर अंतर ठेवण्याची रीत आहे. उंच झाड पश्चिमेस असावे, म्हणजे दुपारचे ऊन घरावर येत नाही.

आता छाटणीविषयी. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांची वाढ रोखून धरतो. तो छाटला की ते डोळे फुटतात व झाड उंच न जाता पसरते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, म्हणून शेंगा संपताच तो छातीएवढ्या उंचीवर छाटावा. पुढील शेंगा हातास येतात. पेरूस नव्या फुटीवर फुले येतात, सबब हलकी छाटणी त्यास मानवते. आंब्यास मात्र पक्व झालेल्या डहाळीवरच मोहोर येतो; त्याची छाटणी फळे उतरताच करावी, उशीर केल्यास पुढचा मोहोर बुडतो.

गळलेला पाला जाळू नये. तो आळ्यात पसरल्यास ओल टिकते व त्याचे खत होते. फक्त बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा, नाहीतर साल कुजते.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या पावसाळ्यात रोप आणण्यापूर्वी परसाची आकृती कागदावर काढा. भिंत, नळ व उन्हाची दिशा तीत दाखवा, आणि प्रत्येक उंच झाडाचा पूर्ण वाढ झाल्यावरचा घेर वर्तुळाने मांडा. दोन वर्तुळे एकमेकांत शिरली तर एक झाड वगळा. कागदावरचे झाड रबराने पुसता येते. जमिनीवरच्यास कुऱ्हाड लावावी लागते.