विश्लेषण : ६९ दुर्मीळ कॅमॅरोंची ओळख कशी पटते?

कॅमॅरोत ४०० घनइंचांहून मोठे इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. तरीही १९६९ मध्ये ४२७ घनइंची, अ‍ॅल्युमिनियमचे ‘झेडएल-१’ इंजिन त्यात आले.

हे कसे घडले?
टॅक्सी, पोलीस गाड्यांसाठीच्या ‘कोपो’ या खास मागणीपद्धतीतून. अमेरिकेतील ला हार्प (इलिनॉय) गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी अशा ५० गाड्या मागवल्या. किंमत ७,२०० डॉलरवर गेल्याने अनेक गाड्या कंपनीकडे परत गेल्या. एकूण ६९च बनल्या.

अस्सल गाडी कशी ओळखतात?
चॅसी क्रमांकावरून इंजिन आठ सिलिंडरचे, एवढेच कळते. म्हणून इंजिनवरचा क्रमांक त्याच्याशी जुळवून पाहतात. पण इंजिन बदलता येते, क्रमांकही नव्याने कोरता येतो. त्यामुळे विक्रेत्याकडचे मूळ बिलच मोलाचे ठरते.