बंदिशीचा घाट



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या आपल्या गुरुजींनी मला गाणे शिकविण्याचा प्रयत्न दोन वर्षे केला आणि नंतर प्रेमाने सोडून दिला. मी गायिका नाही. मराठी वाङ्मय शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही वर्गात कवितेच्या घाटाविषयी बोलू लागले की, मला आधी आठवे तो गुरुजींचा तास. घाट म्हणजे काय, हे मला कवितेने नव्हे, त्यांच्या एका भीमपलासाच्या चिजेने शिकविले.

आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, ‘गाणे आवडते, पण कळत नाही.’ या न कळण्याचा संबंध बहुधा रागाच्या नावाशी जोडला जातो. माझ्या मते तो चुकीचा आहे. राग ओळखता आला नाही तरी रचना ओळखता येते. त्यासाठी एवढेच पाहावयाचे की, काय परत येते, कोठे परत येते आणि येताना किती बदलून येते.

त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या चार विभागांत असतात. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर आणि तेराविवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे रिकामा हात. मध्यलयीतील पुष्कळ चिजांचा मुखडा या रिकाम्या हातापासून सुरू होतो आणि आठ मात्रांची वाट चालून समेवर येतो. लहानपणी मी नेमकी खालीवर मान डोलवीत असे. गुरुजी हसून म्हणत, ‘तू घरातून निघतानाच पोहोचल्याचा आनंद मानतेस.’ पेटी बंद करून ते आम्हांला नुसती बोटे मोजावयास लावीत. स्थायी मंद्र-मध्य सप्तकांत घर बांधते. अंतरा तेथून उठून तार षड्जाला जातो आणि पुन्हा मुखड्याच्या दाराशी येतो. आलाप, बोलआलाप, तान हा सारा विस्तार याच येण्याजाण्यात होतो. गवई दर आवर्तनात दूर जातो, पण मुखड्यासाठी जागा राखून ठेवतो. अभंगातले ध्रुपद परत येते तेव्हा शब्द तेच असतात, अर्थ मात्र मधल्या चरणांनी वाढविलेला असतो. मुखड्याचेही तसेच आहे. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, त्या आखूडपणातच तिचा तोल आहे. खालीचा रिकामा हात मला नेहमी त्या चरणाची आठवण करून देतो. (संगीतज्ञांनी ही तुलना फार ताणू नये, मीही ताणत नाही.)

हा घाट आवाजाहून टिकाऊ असतो, याचे मोठे उदाहरण आपल्या परिसराशी नाते सांगणारे आहे. भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली, त्या काळी बडोदे संस्थानात असलेल्या कठोर गावी झाला. बुवांचे १९२२ साली निधन झाले आणि त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका आपल्याला उपलब्ध नाही. एवढ्या मोठ्या गवयाचा आवाज आज कोणी ऐकलेला नाही. परंतु खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या, १९१६ सालच्या, चाली त्यांच्या आहेत आणि त्या आजही गाइल्या जातात. त्यांतील कित्येक प्रचलित चिजांवर बेतलेल्या आहेत. शब्द नवे, प्रसंग नवा, गाणारी रुक्मिणी. आणि आत ख्यालाचा जुना घाट. बालगंधर्वांनी आणि मास्टर कृष्णरावांनी जे पुढे नेले ते बुवांचा गळा नव्हे, ही बांधणी.

त्याच १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे पं. विष्णु नारायण भातखंडे होते. चिजा कागदावर उतरविण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता, आणि रागशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथही त्यांनी मराठीत प्रश्नोत्तररूपाने लिहिला. त्यांच्या लिपीत समेला फुली, खालीला शून्य, कोमल स्वराखाली आडवी रेघ. मींड कशी घ्यावी, स्वर किती रेंगाळवावा, हे त्या कागदावर पुरते येत नाही. समेवर कोणता स्वर आहे, हे मात्र निःसंदिग्ध कळते.

गुरुजींनीही आपल्या चिजा याच लिपीत दोन वह्यांत लिहिल्या होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा त्या वह्या त्यांच्या एका शिष्याच्या तळमजल्यावरील कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर हाती आला तो लगदा. त्यापूर्वीच गुरुजी गेले होते. त्यांच्या गाण्याची एकही फीत कोणी करून ठेवली नव्हती, मीही नाही.

त्या दिवाळीनंतर आम्ही सातजण भीमपलासाची ती चीज जुळविण्यास बसलो. मुखड्याविषयी वाद झालाच नाही. नवव्या मात्रेपासून उठाव आणि सम मध्यमावर, हे सातही जणांनी एकसारखे गाइले. मी गाइले नाही, बोटे मोजली. मध्यम हा भीमपलासाचा वादी, तेव्हा समेने त्याच्यावर उतरावे यात रागाचेच बोट आहे. अंतऱ्याचे मात्र तीन पाठ निघाले. पहिल्यात चढताना ऋषभ लागत होता. भीमपलासाच्या आरोहात ऋषभ-धैवत वर्ज्य, म्हणून तो पाठ बाद झाला. उरलेले दोन्ही रागात शुद्ध होते. येथे व्याकरण थांबले आणि घाट पाहावा लागला. एका पाठात अंतरा तार षड्जावरून पंचमाला उतरून आठव्या मात्रेवर संपत होता, आणि नवव्या मात्रेवरचा मुखडा त्याला श्वासही न घेता लागत होता. दुसऱ्यात सहाव्या मात्रेवरच अंतरा संपून तार षड्ज पुढे दोन मात्रा धरलेला होता, मग एकदम खाली मुखडा.

बहुमत पहिल्याकडे गेले, माझेही. गुरुजींच्या इतर चिजांत अंतरा असाच उतरून दाराशी येत असे, हा आमचा पुरावा. दुसरा पाठ सांगणारे आमचे स्नेही आजही तो सोडावयास तयार नाहीत. त्यांचे म्हणणे, त्या दोन मात्रांत गुरुजी वर्गाकडे पाहत असत आणि मुखडा कोण उचलतो याची वाट बघत. हे ऐकल्यापासून माझे मत पूर्वीइतके ठाम राहिलेले नाही.

आता शाळेच्या विद्यार्थिनी ती चीज गाणार आहेत. अंतरा त्यांना दोन्ही तऱ्हांनी बसवून दिलेला आहे. आपण डोळे मिटावे आणि सोळापर्यंत बोटे मोजावीत. अंतऱ्यानंतर सातव्या-आठव्या मात्रेवर काय होते, तेवढे ऐकावे.