निळीच्या पोटातलं तेल

ऐका पोरांनो, आज एका तेलाची गोष्ट. ताजं असताना ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, हवा लागली की तपकिरी पडतं आणि वास येतो मासळी सडल्याचा. नाव अॅनिलीन. सहा कार्बन अणू फेर धरून उभे आणि त्यांतल्या एकाचा हात नायट्रोजननं धरलेला, एवढीच त्याची घडण.

1826 साली उन्फरडॉर्बन नावाच्या जर्मन माणसाला ते नीळ तापवताना सापडलं. 1834 मध्ये रुंगेला कोळशाच्या डांबरात सापडलं. पुढे फ्रित्शेनं पुन्हा निळीतून काढलं, तर रशियात झिनिननं नायट्रोबेंझीनपासून बनवलं. चौघांनी चार नावं ठेवली! ही चारही बाळं एकच आहेत, हे 1843 मध्ये हॉफमननं दाखवून दिलं. झाडाच्या पानातली नीळ कुठे आणि जमिनीखालचा कोळसा कुठे. पण कोळसा तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं रानच ना!

हॉफमनचा एक शिष्य होता, विल्यम पर्किन. वय अवघं अठरा. 1856 च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनला घरच्याच प्रयोगशाळेत तो हिवतापावरचं क्विनीन बनवायला बसला. क्विनीन कसलं, अॅनिलीनमधून नुसता काळा गाळ हाती आला. दुसऱ्या कुणी तो मोरीत ओतला असता. यानं अल्कोहोल घालून पाहिलं, तर जांभळा रंग उतरला, रेशमावर पक्का बसणारा! गंमत म्हणजे त्याचं अॅनिलीन भेसळीचं होतं. त्यात टोल्युइडीन मिसळलेलं नसतं, तर तो जांभळा झालाच नसता.

मग रंगांचे कारखाने निघाले. 1897 मध्ये जर्मनीच्या बीएएसएफनं कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत ती अॅनिलीनपासूनही होऊ लागली. बिहारातल्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी मात्र आपला तोटा कुळांच्या माथी मारला: निळीतून सुटका हवी, तर वाढीव खंड भरा. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, ते याच कुळांची गाऱ्हाणी ऐकायला.

हे तेल विषारी बरं का. कातडीतूनही शरीरात शिरतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं आणि माणसाचे ओठ निळे पडतात. म्हणून कारखान्यात ते बंद नळ्यांतूनच फिरवतात. आणि आता त्यातलं बहुतेक रंगाकडे जातही नाही. त्यापासून एमडीआय नावाचं रसायन करतात आणि त्या रसायनाचा घट्ट फेस आपल्या फ्रिजच्या भिंतींत भरतात.