रानातला गोवा टोरंटोला नेणारा मोरजीकर

२०२५ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, संतोष डावखर यांना 'गोंधळ' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्यमयूर मिळाला. मराठी माणसाची छाती फुगली, आणि ती फुगायलाच हवी होती. त्याच समारोपात नायजेरियन वंशाचे ब्रिटिश दिग्दर्शक अकिनोला डेव्हिस ज्युनियर यांना 'माय फादर्स शॅडो'साठी परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. १९९३ सालचे लागोस शहर, निवडणुकीच्या निकालाची तगमग आणि बापाबरोबर एक दिवस शहरभर फिरणारी दोन मुले, एवढाच या चित्रपटाचा ऐवज. पटकथा दिग्दर्शकाच्या सख्ख्या भावाने, वाले डेव्हिस यांनी लिहिली आहे. दोघे भाऊ अगदी लहान असताना त्यांचे वडील गेले. घरातली ती पोकळी घेऊन हा चित्रपट कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीत पोहोचला. तिथवर गेलेला हा पहिला नायजेरियन चित्रपट.

या दोन्ही बातम्या वाचताना मला पेडण्याचा माणूस आठवत राहिला. आपल्या मुलखातली गोष्ट, आपल्या भाषेत, कुणालाही सोपी करून न सांगता जगापुढे ठेवण्याचे काम गोव्यातल्या एका दिग्दर्शकाने २००९ सालीच केले आहे. दरवर्षी नोव्हेंबरात मांडवीच्या काठी सिनेमाचा एवढा मोठा उत्सव भरतो. त्यात त्यांचे नाव जितक्या वेळा निघायला हवे, तितके निघत नाही. ते नाव लक्ष्मीकांत शेटगावकर. मूळ गाव पेडणे तालुक्यातले मोरजी.

सप्टेंबर २००९ मध्ये त्यांचा 'पलतडचो मुनिस' टोरंटो आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या 'डिस्कव्हरी' विभागात दाखवला गेला. हा विभाग नव्या दिग्दर्शकांचा. आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक महासंघाचे, म्हणजे फिप्रेस्सीचे, त्या विभागातले पारितोषिक या कोकणी चित्रपटाने जिंकले. त्याच वर्षी टोरंटोत फिप्रेस्सीचे दुसरे पारितोषिक ब्रुनो ड्युमाँ यांच्या 'हादविच'ला मिळाले. ड्युमाँ म्हणजे तोवर कानचा ग्राँप्री दोनदा मिळवून बसलेला फ्रेंच दिग्दर्शक. त्या यादीत त्यांच्या शेजारी मोरजीच्या माणसाचे पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी नाव लागले, हे आपण गोव्यात नीट साजरे केले का, असा प्रश्न मला पडतो. पुढे सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही आला. पुरस्कारांची यादी इथेच थांबवतो, कारण चित्रपट त्याहून मोठा आहे.

कथा महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' या कादंबरीवरची. कारवारजवळच्या माजाळीचे सैल हे आधी सैनिक, मग लेखक. 'तरंगां' या कथासंग्रहाला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि कुंभारांच्या जगण्यावरच्या 'हावठण' कादंबरीला २०१६ चा सरस्वती सन्मान मिळाला. डिचोलीत ज्यांच्या शेजारी कुंभारवाडा आहे, त्यांनी तर 'हावठण' वाचलीच पाहिजे. सैलांच्या लेखनात माणूस आणि रान वेगळे काढता येत नाहीत. शेटगावकरांनी नेमकी हीच गोष्ट पडद्यावर सांभाळली.

विनायक हा सह्याद्रीच्या रानातला वनरक्षक. बायको वारलेली, घर एकाकी, सोबतीला फक्त आठवणी. वनखात्याच्या जागेत देऊळ उभारायची गावातल्या पुढाऱ्यांची धडपड चालू आहे आणि विनायक कायदा दाखवून आड येतो. अशात एक वेडसर बाई रानात भटकताना त्याला दिसते. तो तिला हाकलतो, ती परत येते. मग तो तिला खायला घालतो, अंगावर कपडा देतो, घरात जागा देतो. त्यातून नाते जुळते, तिला दिवस जातात, आणि गाव उठून उभे राहते. अतिक्रमणाला हात जोडणारे हेच गाव एका माणसाच्या मायेला मात्र पाप ठरवते. हे सांगायला दिग्दर्शकाला एकही भाषण लागत नाही. रस्ता, पाऊस, झाडोरा आणि विनायकची न बोलता चाललेली कामे पुरतात.

चित्तरंजन गिरी यांनी विनायक उभा केला. बाईची भूमिका वीणा जामकर यांनी केली. मराठी प्रेक्षक त्यांना रंगभूमीपासून ओळखतात, 'गाभ्रीचा पाऊस'मुळेही ओळखतात. पण 'पलतडचो मुनिस'मधले त्यांचे काम आपल्याकडे फारच थोड्यांनी पाहिले असेल. वेडाची भूमिका म्हटली की केस विस्कटणे आणि डोळे फिरवणे ही आपली जुनी सवय. जामकर त्या वाटेला जातच नाहीत. भूक, भीती आणि अंगात हळूहळू येणारा विश्वास त्या चालण्या-बसण्यातून दाखवतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत मराठी अभिनेत्रींनी केलेल्या सर्वोत्तम कामांत त्याची गणना व्हायला हवी, भाषा कोकणी असली तरी. सावंतवाडी-बांद्याच्या प्रेक्षकाला तर हा चित्रपट उपशीर्षकांशिवायही कळेल.

या चित्रपटाचे मोल कळायला त्याआधी पडद्यावर कुठला गोवा होता, ते आठवावे लागते. 'बॉबी' १९७३ चा. त्यातला जॅक ब्रगांझा म्हणजे हिंदी सिनेमाने ठरवून टाकलेला गोवेकर, हातात बाटली आणि मनात माया. १९८१ च्या 'एक दुजे के लिए'ने गोव्याचे किनारे देशाला दाखवले. श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' १९८५ चा, लोटलीच्या जुन्या वाड्यात चित्रित झालेला. तो या सगळ्यांत जाणता चित्रपट, पण त्याचे जगही सासष्टीतल्या जमीनदार ख्रिस्ती घराण्याचे. कोकणी सिनेमाही त्याच अंगणात वाढला. अल जेरी ब्रगांझा यांचा १९५० चा 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोकणी चित्रपट. मग फ्रँक फर्नांड यांचे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे १९६३ आणि १९६६ चे चित्रपट आले. तियात्राच्या रंगमंचावरचे कलाकार आणि गाणी घेऊन आलेल्या या चित्रपटांना लोकांनी जीव लावला, अजूनही लावतात. त्यांचे ऋण मोठे आहे. पण पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, काणकोण हा डोंगराकडचा, देवळा-रानाचा, गाई-म्हशींचा आणि कुळागरांचा गोवा पडद्यावर नव्हताच.

याला इतिहास कारण आहे. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेल्या. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून त्यांच्याकडे आला. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती. देवळे, जत्रा, दशावतार, मराठीतली कीर्तने आणि कोकणीतले बोलणे सगळे टिकून राहिले. नाटकाची गोडी तर इतकी की जत्रेच्या रात्री पेडण्यातला शेतकरी पहाटेपर्यंत दशावतारी संकासुराला हसत बसतो. बाहेरच्या कॅमेऱ्याला हा मुलूख गोव्यासारखा दिसत नव्हता. त्याला चर्चचे मनोरे आणि समुद्र हवा होता.

'दिल चाहता है'मधले तीन मित्र शापोऱ्याच्या किल्ल्याच्या तटावर बसतात, तो प्रसंग तरुणांना पाठ आहे. २००१ नंतर त्या तटावर जाऊन तसेच फोटो काढायची रीतच पडली. तिथून उत्तरेला पाहिले तर शापोरा नदीचे मुख दिसते आणि पलीकडे वाळूचा लांब पट्टा. तो मोरजीचा. पूल होईपर्यंत शिवोलीहून चोपड्याला फेरीबोटीने जावे लागे, आणि एवढ्याशा नदीने पेडणे तालुका वर्षानुवर्षे मागे ठेवला. हिंदी सिनेमाचा कॅमेरा दक्षिण काठावर थांबला. आठ वर्षांनी उत्तर काठावरच्या गावचा माणूस गोव्याची गोष्ट घेऊन टोरंटोला गेला, आणि त्या गोष्टीत समुद्रकिनारा नव्हता.

शेटगावकरांना किनाऱ्याचे वावडे नव्हते. २०१३ चा 'बागा बीच' हा त्यांचा पुढचा चित्रपट थेट पर्यटनावर आहे. किनाऱ्यावर पोटासाठी आलेले परप्रांतीय विक्रेते, पैशाच्या ओढीने बदलत गेलेली स्थानिक घरे, येणारे-जाणारे विदेशी आणि या सगळ्यांत सर्वांत असुरक्षित असलेली मुले, असे अनेक धागे त्यात गुंफलेले आहेत. त्यालाही सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कसोटी लावायची तर मला 'पलतडचो मुनिस' अधिक घट्ट वाटतो; 'बागा बीच' एकाच वेळी फार माणसांच्या मागे धावतो. पण बाललैंगिक शोषणाचा विषय गोव्यातल्या माणसाने गोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहून पडद्यावर मांडणे, ही धाडसाची गोष्ट होती. मडगावात अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. गोव्याने बालहक्कांचा स्वतंत्र कायदा २००३ मध्ये केला. एवढे होऊनही पर्यटनाच्या जाहिरातीत या विषयाची सावली पडू नये म्हणून सगळे जपत होते. शेटगावकरांनी जपले नाही.

आणि मोरजीकराला हे सगळे दिसणारच. ऑलिव्ह रिडले कासवे ज्या वाळूत अंडी घालतात, त्याच वाळूवर शॅक उभे राहिले. रशियन पर्यटक इतके आले की गावात रशियन पाट्या लागल्या. २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत मोरजी आणि मांद्रे ही कासवांची विणीची ठिकाणे म्हणून नोंदली गेली. आता मोपाचा विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली आणि पेडण्यातल्या जमिनीचे भाव गगनाला भिडले. जे बागा-कळंगुटला तीस वर्षांत झाले, ते पेडण्यात पाच-दहा वर्षांत होऊ घातले आहे. 'बागा बीच' आज पेडण्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने पाहावा असा झाला आहे.

'पलतडचो मुनिस' तर त्याहून अधिक. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मारले गेले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासची रानवने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिचोलीत खाणी २०१२ ला थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा बंद पडल्या आणि आता लिलावाच्या वाटेने परत आल्या. रान कुणाचे, कायदा कुणासाठी, आणि त्या कायद्याच्या बाजूने एकट्याने उभ्या राहणाऱ्या खालच्या पगाराच्या कर्मचाऱ्याचे काय, हे प्रश्न आज गोव्याच्या प्रत्येक बातमीत आहेत. वनरक्षक नायक असलेला चित्रपट आपल्याकडे बनून तयार आहे, आणि तो कुणी पाहत नाही.

पाहत नाही, कारण दाखवला जात नाही. हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या, पैशातून उभा राहिला. तीच एनएफडीसी आज गोवा मनोरंजन संस्थेच्या जोडीने इफ्फी भरवते. २००४ पासून इफ्फी गोव्यात आहे, २००७ पासून एनएफडीसीचा फिल्म बाजारही इथेच भरतो. जगभरचे निर्माते इथे येऊन व्यवहार करतात. पण ज्या तालुक्याने हा दिग्दर्शक दिला, तिथल्या शाळकरी मुलाला त्याचे चित्रपट सहज पाहता येतील अशी सोय नाही. गोव्यात चित्रपटाला वित्तसाहाय्य द्यायची योजना आहे. बनलेला चित्रपट गावोगाव पोहोचवायची योजना मात्र लोकांना स्वतःच करावी लागते. बारद्रॉय बार्रेतो यांच्या 'नाचुंया कुंपासार'ने ते करून दाखवले. लोकवर्गणीतून बनलेला तो चित्रपट नेहमीच्या चित्रपटगृहांची वाट न पाहता रवींद्र भवनांसारख्या सभागृहांतून चालला, आणि लोकांनी तो पुन्हापुन्हा जाऊन पाहिला.

प्रेक्षक नाही, हे कारण तर आता कुणी देऊच नये. २०२५ च्या सप्टेंबरात आलेला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' मराठीत धो धो चालला. तळकोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, रान आणि खाण हाच त्याचा विषय. दिलीप प्रभावळकरांना पाहायला रांगा लागल्या. रानाच्या गोष्टीसाठी तिकीट काढणारा प्रेक्षक तेरेखोल नदीच्या दोन्ही बाजूंना आहे.

गोवा मनोरंजन संस्थेने इफ्फी आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत, जत्रांच्या दिवसांत, शेटगावकरांचे दोन्ही चित्रपट घेऊन पेडणे आणि डिचोली तालुक्यांत फिरावे. पेडण्यात देवळापुढे दशावताराचा रंगमंच असतोच, त्याच्या आदल्या संध्याकाळी पडदा लावता येईल. दिग्दर्शकाला बोलवावे, वीणा जामकरांना बोलवावे, सैलांना बोलवावे. लोक प्रश्न विचारतील. सुरुवात साखळीपासून करावी. तिथे रवींद्र भवनाचे सभागृह आहे आणि सत्तरीच्या रानात राबणाऱ्या वनरक्षकांना तिथे पोहोचणे सोपे आहे.