गर्भाचे पहिले अठ्ठावीस दिवस

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नरडाण्याच्या पंचक्रोशीत एखाद्या घरची सून पाळी चुकल्याचे आशाताईंच्या कानी घालते, ‘निश्चय’ संचावर दोन रेघा उमटतात आणि गर्भवती म्हणून तिचे नाव आरोग्य केंद्राच्या दप्तरी दाखल होते, तेव्हा घरच्यांना वाटते की आता कोठे प्रारंभ झाला. वस्तुतः गर्भाच्या घडणीतील अत्यंत निर्णायक काळ त्यावेळी चालू असतो, किंवा कधी उलटूनही गेलेला असतो.

गर्भवाहिनीत बीजांड आणि शुक्रजंतू यांचा संयोग होऊन जी पेशी सिद्ध होते, तिचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असतो. तिच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा पेशी होत होत पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यांचा एक पोकळ गोल बनतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. हा प्रथमावस्थेतील गर्भ काचपात्रात वाढवून मातेच्या उदरी ठेवण्याची विद्या महाराष्ट्रात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली, व 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या प्रयत्नांतून एक कन्या सुखरूप जन्मास आली.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर होतात: बाहेरच्यातून त्वचा व मज्जासंस्था, मधल्यातून हृदय, रक्त, अस्थी व स्नायू, आणि आतल्यातून पचनमार्ग व फुप्फुसांचे अस्तर. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी हृदय स्पंदू लागते. त्याच सुमारास पाठीवरील एक पट्टी दोन्ही कडांनी उचलली जाऊन मिटत जाते व तिची नलिका बनते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नलिका दोन्ही टोकांना मिटावी लागते, आणि तेव्हा अवघा गर्भ बाजरीच्या दाण्याएवढा असतो. नलिका खालच्या बाजूस उघडी राहिली तर कण्याचे, वरच्या बाजूस राहिली तर मेंदूचे व कवटीचे गंभीर व्यंग उद्भवते.

पाळी चुकते ती गर्भधारणेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी. म्हणजे ही नलिका मिटण्याच्या कामाची मुदत संपावयास तेव्हा आणखी दोनच आठवडे उरलेले असतात, आणि लाजेत, कामाच्या रगाड्यात अथवा माहेरी जाण्यायेण्यात ते सहज निघून जातात. म्हणूनच ही नलिका नीट मिटण्यास साहाय्य करणारी फॉलिक आम्लाची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेपूर्वी किमान महिनाभर सुरू करावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी, असे वैद्यकशास्त्र आग्रहाने सांगते. मेथी, पालक, हरभरा यांतून हे जीवनसत्त्व मिळते खरे, परंतु या काळात तेवढ्यावर विसंबून राहू नये. पूर्वीच्या अपत्यास असे व्यंग असेल अथवा स्त्रीला फेफऱ्याचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. मशेरी आणि तंबाखू यांनाही याच वेळी निरोप द्यावा.

लग्नाच्या याद्या करताना आपण मानपानाचा बारीकसारीक तपशील विसरत नाही. नव्या सुनेच्या या साध्या गोळीची तजवीज मात्र कोणाच्याच यादीत नसते. ती जबाबदारी तिच्या एकटीची नव्हे. पतीने, सासूने आणि आईनेही ती आपली मानली, तर काही व्यंगे उद्भवण्यापूर्वीच टळतील.