साठीनंतरची सायकल आणि कच्ची वाट

साठी ओलांडलेले सायकलप्रेमी दवाखान्यात बहुधा हृदयाविषयी विचारतात. ते योग्यच आहे. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा पूर्वीपेक्षा लवकर धाप लागत असेल, तर तपासणीपूर्वी सायकलीवर बसूच नये. परंतु वाहनांच्या गर्दीला कंटाळून मातीच्या रस्त्यांकडे वळणाऱ्यांना अधिक सावध करावेसे वाटते ते पडण्याविषयी. हाडे विरळ झालेली असताना साध्या घसरण्यानेही मनगट वा खुबा मोडू शकतो. म्हणून वाट आणि टायर यांची निवड मी पथ्याइतकीच महत्त्वाची मानतो.

नकाशावर अंतर कळते, जमीन कळत नाही. आपण जाण्यापूर्वी घरातील तरुणाने त्या वाटेवरून एकदा फिरून यावे. देशावरील मुरमाचा रस्ता दाबलेला असेल तर उत्तम. नव्याने टाकलेली सुटी खडी मात्र टाळावी. काळ्या मातीची वाट उन्हाळ्यात गुळगुळीत भासते, पण एका पावसात ती चाकाला चिकटून मडगार्डात अडकते आणि चाक फिरेनासे होते. कोकणात जांभ्यावरील शेवाळ त्याहून फसवे. कालव्याकाठचा रस्ता मला विशेष आवडतो. पाणी संथ उतारानेच वाहायचे असल्याने तो जवळजवळ सपाट असतो. तेथे जाण्यास मनाई नसावी, आणि पाण्याच्या कडेपासून दूर राहावे. चढापेक्षा उताराची भीती बाळगावी. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरते. तीव्र उतारावर खाली उतरून चालण्यात कमीपणा कसला? डांबरी रस्त्यावर जेवढे अंतर सहज जमते, त्याच्या निम्म्यानेच आरंभ करावा.

आता टायर. त्याच्या बाजूवर ४०-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. कच्च्या वाटेसाठी ४० ते ४५ मिलिमीटर रुंदी असावी. फ्रेम आणि मडगार्ड यांत तेवढी जागा आहे का, हे दुकानदाराकडून पाहून घ्यावे. गंमत अशी, की आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीचे २८ इंची टायर जवळपास याच रुंदीचे होते! कोरड्या मुरमावर बारीक नक्षी पुरते. मोठ्या गोट्यांचे टायर डांबरावर विनाकारण दमवतात.

हवा टणक भरण्याची आपली सवय येथे सोडावी. टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, तो हादरा मनगटे, मान आणि कंबर सोसतात, शिवाय पकडही सुटते. साधारण ६५ किलो वजनाच्या व्यक्तीने ४० मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा भरून पाहावी. पुढच्या चाकात किंचित कमी. टायरवर छापलेल्या मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळाव्यात, कारण हवा फार कमी झाली तर दगडावर आदळताच ट्यूब रिममध्ये चिमटते.

प्रोस्टेटच्या वा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे थांबताच चक्कर येते. चढ संपल्यावर एकदम न उतरता क्षणभर हलके पाय मारत राहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या खिशात साखर हवी.

घरच्यांना वाट आणि परतण्याची वेळ सांगून निघावे. हेल्मेट अनिवार्यच. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोके आपटले, तर वरून खरचटलेही नसले आणि रुग्ण 'मी ठीक आहे' म्हणत असला तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मेंदूतील रक्तस्राव काही तासांनीही प्रकट होतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा, आणि कच्च्या वाटेवरून जवळच्या डांबरी रस्त्याची खूण सांगावी.