डोळ्यातलं प्रत्येक मांस साधं नसतं

शेतकरी बंधूंनो, उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्याच्या डोळ्यात मांस वाढतं, हे आपल्याला ठाऊक आहे. नाकाकडून बुबुळावर सरकणारा तो त्रिकोणी पडदा म्हणजे कर्करोग नव्हे. पण खालची पापणी ओढल्यावर आत गुलाबी, गुळगुळीत, मांसल चट्टा दिसला, तर अंगावर काढू नका. तो लिम्फोमा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग असू शकतो.

हा रोग बहुधा साठीच्या आसपास होतो. तो सावकाश वाढतो, सहसा दुखत नाही, नजरही शाबूत असते. म्हणून माणूस महिनोन् महिने नुसते थेंब घालत बसतो. खात्री होते ती तुकडा तपासूनच. तेव्हा डोळ्यातलं मांस काढलं, तर ते टाकून न देता तपासणीला पाठवा, असं डॉक्टरांना जरूर सांगा. रोग डोळ्यापुरताच असेल तर किरणोपचाराने बहुतेकांचा आटोक्यात येतो. मात्र तो शरीरात इतरत्र नाही ना, हे तपासावं लागतं आणि पुढेही फेरतपासणी चुकवायची नसते.

सरपंच, ग्रामसेवकांनीही गावच्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूबरोबर पापणीच्या आतली तपासणी करून घ्यावी.